शह लागल्यानंतरची उडी

१० नोव्हेंबर, रविवार

दैनंदिनी लिहिणे हा माझा स्वभाव नव्हे. शाळेत जन्मभर दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त केली; स्वतःची लिहिण्यास सवड झाली नाही. परंतु आज जे घडले ते कोणास सांगावे, हे कळेना, म्हणून ही वही उघडली.

आज धुळ्याला गेलो होतो. महिन्यातील एका रविवारी झुलालने जळगावला यावे, पुढच्या महिन्यात मी धुळ्याला जावे, हा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ. त्याची तेलगिरणी होती तेव्हा पट गिरणीच्या ओट्यावर मांडला जाई आणि मोहऱ्यांना शेंगदाण्याच्या तेलाचा वास येई. गिरणी गेली, वास मोहऱ्यांत राहिला.

आमचा खेळ देशी पद्धतीचा. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. किल्ला बांधण्याची सोय नाही. त्याऐवजी राजाला उभ्या डावात एकदाच घोड्याची उडी मारता येते, तीही पहिला शह लागण्याच्या आत. शह लागला की उडी गेली. धुळ्याच्या मंडळात एके काळी या पद्धतीचे अनेक पट मांडले जात. एकेक पट गुंडाळला गेला आणि शेवटी आम्ही दोघेच उरलो.

आज डाव संपल्यावर झुलालने कापडी पट घडी करून माझ्या पिशवीत घातला. मोहऱ्यांची थैलीही घातली. मी विचारले, हे काय?

"पोऱ्या माले सुरतले ली जाई राहिना," तो आपल्या अहिराणीत म्हणाला; मुलगा त्याला कायमचा सुरतेला नेत होता. "तठे बठ्ठा मोबाईलवर खेळतस. प्यादं पहिल्याच चालले दोन घरे पळस. मास्तर, आते तू कोनासंगे खेळशी?"

मी म्हटले, "पाहू."

परतताना एस.टी.च्या खिडकीतून पारोळ्यापुढे कापसाने भरलेले ट्रॅक्टर दिसले. त्यांच्या भाराला घासून रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. अर्धवट झोपेत मला वाटले की बाभळीलाच कापूस लागला आहे आणि त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हेमांगीने पिशवीतला पट पाहिला. माझी ही एकुलती कन्या पुण्यात मोठ्या पगारावर होती. माझी पत्नी सुलक्षणा गेल्यानंतर तिने ती नोकरी सोडली आणि येथील ठिबक सिंचनाच्या एका कारखान्यात संगणकाचे काम धरले. जळगावची हवा मानवते, असे ती सांगते. आमच्या मे महिन्याविषयी असे उद्गार काढणारी व्यक्ती मी अन्यत्र पाहिलेली नाही.

जेवताना म्हणाली, "नाना, मी तुम्हाला एक प्रोग्राम लिहून देते. देशी पद्धतीने खेळणारा."

मी घास ठेवला. "आज्ञावली म्हण. आणि ती तू लिहिणार? तुला बुद्धिबळ येते?"

"मोहरे कसे चालतात ते येतं."

"शब्द माहीत असणे म्हणजे भाषा येणे नव्हे. जो स्वतः उत्तम खेळत नाही, तो यंत्राला खेळ काय शिकवणार?"

"रावेरच्या केळीच्या बागांमध्ये पाणी सोडायचं काम माझा प्रोग्राम करतो," ती म्हणाली. "मी आयुष्यात केळीचा एक खुंट लावलेला नाही. तरी केळी वाळली नाहीत."

"केळी प्रतिस्पर्धी नसते."

"तुम्ही बागवाल्यांना भेटला नाहीत अजून."

मुद्दा केळीचा नव्हता. हेमांगी अकरा वर्षांची असताना मी तिला सहा महिने खेळ शिकवला होता. तिला पुढची चाल दिसत नसे; मोहऱ्यांशी बोलत बसे. हा तुझा प्रांत नव्हे, असे मी तिला स्पष्ट सांगितले आणि अंकगणिताकडे वळवले. त्या निर्णयाची योग्यता तिच्या आजच्या पगारावरून सिद्ध होते.

तथापि नाही म्हणालो नाही. समोर कोणी नसलेला पट मांडून पाहिला होता दुपारी. दोन्हीकडून मीच चाललो. दोन्हीकडे मीच हरलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज नियम सांगितले. हेमांगी समोर मांडीवर संगणक घेऊन बसली होती, मी खुर्चीत. वर्गात श्रुतलेखन घालावे तसे एकेक वाक्य दोनदा उच्चारले. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्या घराचा जो मूळ मोहरा असेल, तोच होते. राजा वजिराच्या समोर उभा असतो. प्याद्याने केलेली मात सर्वांत सन्मानाची.

"सन्मान कसा लिहू?" तिने विचारले.

"लिहिता येत नसेल, तर तो तुझ्या यंत्राचा दोष."

"जास्त गुण देते मग."

राजाच्या उडीपाशी आलो, तेव्हा ती म्हणाली, "ते राहू द्या नाना, ते मला माहीत आहे. लहानपणापासून बघत आलेय." आपल्या पद्धतीतील काहीतरी हिच्या ध्यानात राहिले आहे, याचा मला संतोष वाटला आणि मी पुढच्या नियमाकडे वळलो.

सुलक्षणा रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर माझ्याशी एक डाव खेळत असे. भाकरीचे पीठ हाताला असे, म्हणून काळ्या मोहऱ्यांवर पांढरे ठसे उमटत. त्या वेळी हेमांगी तेथेच उंबऱ्याशी बसून अभ्यास करी. तिचे लक्ष पुस्तकात असते, अशी माझी समजूत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

माझी शंका खरी ठरत आहे. हत्तीचे मोल किती, उंट केव्हा द्यावा, मध्य कसा राखावा, हे सांगण्यास मी सिद्ध होतो. टिपणे काढून ठेवली होती. तिने त्यांपैकी काहीच विचारले नाही.

मी स्वतःच विषय काढला. म्हणाली, "ते त्याला त्याचं तो शोधू दे. मी फक्त नियम दिलेत. तो स्वतःशीच खेळत राहतो, हरतो, जिंकतो, त्यातून शिकतो."

"म्हणजे शिक्षकच नको?"

"शिक्षक चांगला असला तर शिष्य शिक्षकासारखा होतो, नाना. तुम्ही शिकवलं असतंत तर दुसरे तुम्हीच तयार झाला असता. मग रोज स्वतःशीच खेळत बसला असता."

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. म्हणूनच ते दिवसभर बोचत राहिले.

१ डिसेंबर, रविवार

पहिला डाव. पडद्यावर खेळणार नाही, असे मी बजावले होते. तेव्हा झुलालचा कापडी पट अंथरला. हेमांगी समोर बसली. यंत्राची चाल पडद्यावर पाहून मोहरा ती हलवते.

यंत्राने वजीर पुढे आणला आणि कारण नसताना गमावला. मग दोन्ही घोडे. शेगडीवरचे दूध उतू जाण्यापूर्वी त्याच्यावर मात झाली.

"याला नामशेष होणे म्हणतात," मी म्हणालो.

"तान्हा आहे अजून," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात मीही फार काही करत नसेन."

माझे मत खरे ठरले. त्याचा आनंद जितका व्हायला हवा होता, तितका झाला नाही.

८ डिसेंबर, रविवार

दिवसभर तो संगणक जेवणाच्या मेजावर उघडा असतो आणि आपल्याच अंगात हजारो डाव खेळत असतो. पडदा काळा. केवळ आतील पंख्याचा बारीक सूर. भरताचे वांगे भाजल्याचा वास घरभर आणि त्यात तो सूर.

दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला. डोळ्यांपुढे पट होता, परंतु त्याला कड नव्हती. घरांमागे घरे पसरत मेहरूणच्या तलावापर्यंत गेली होती आणि पाण्यावरही काळ्या-पांढऱ्या चौकटी हेलकावत होत्या. मोहरे आपोआप सरकत होते. कोणीही हरत नव्हते. कोणीतरी पैलतीरावरून विचारले, "अहो, झाली का तुमची चाल?" मी म्हणालो, "विचार करतो आहे."

जाग आली, तेव्हा संगणकाचा सूर चालूच होता. समोरच्या जिनिंगमधून उडत आलेला कापसाचा एक तंतू पटावरच्या माझ्या राजाच्या डोक्यावर येऊन बसला होता. तो मी झटकला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

तीन आठवड्यांनी पुन्हा डाव मांडला आणि मी हरलो.

हे लिहिण्यास संकोच नाही, कारण डाव उत्तम झाला. यंत्र आता मोहरे फुकट देत नाही. पण माझ्या मनात राहिली ती निराळीच गोष्ट. देशी पद्धतीत प्रत्येक जाणता खेळाडू लवकर उडी मारून राजाला कोपऱ्यात नेतो. कारण एखादा चुकार शह लागला तरी उडीचा हक्क जातो. झुलाल तर सातव्या-आठव्या चालीतच राजा उडवतो. हे यंत्र तसे करत नाही. त्याचा राजा स्वतःच्या घरी उभा राहतो, भोवती गर्दी वाढते, माझे मोहरे अंगणापर्यंत येतात, तरी तो हलत नाही. जणू पाहुणे यायचेच होते.

ही निश्चिंती मी कोठेतरी पाहिली आहे. कोणत्या खेळाडूची, ते काही केल्या आठवेना. मंडळातील सर्वांची नावे आठवून पाहिली. त्यांपैकी कोणाची नव्हे.

"कसा खेळतो?" हेमांगीने विचारले.

"अशिक्षितासारखा," मी म्हणालो. "परंतु थोर घराण्यातल्या अशिक्षितासारखा."

ती बराच वेळ हसत होती. या घरात हसण्याचा आवाज पुष्कळ दिवसांनी ऐकला.

२९ डिसेंबर, रविवार

आज जे घडले, ते क्रमाने लिहितो.

डाव ऐन मध्यावर होता. यंत्राचा राजा नेहमीप्रमाणे जागचा हललेला नव्हता. मी उंटाने शह दिला. पहिलाच शह. उडीचा हक्क संपला, आता राजा आपल्या हाती आला, असे मनात म्हणालो.

हेमांगीने पडद्याकडे पाहिले, राजा मुठीत घेतला आणि अडीच घरे ओलांडून पलीकडे ठेवला. मोहरा चिमटीत धरावा, असे मी तिला लहानपणी अनेकदा सांगितले होते. तिने तो पूर्ण मुठीत झाकला होता. येथून नाहीसा झाला आणि तेथे प्रकट झाला.

ती मूठ मी ओळखली. तो खेळही ओळखला.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुलक्षणेने शह लागल्यावर राजा असाच मुठीत झाकून उचलला होता. मी नियम सांगितला. ती म्हणाली, "घराला आग लागल्यावर माणूस उडी मारतो. आधीच मारली तर त्याला वेडा म्हणतात." मी हरकत घेतली, तिने पदराला पीठ पुसले, आणि चहा ठेवायला उठू लागली. डाव मोडू नये म्हणून मी म्हणालो, बरे, तुला चालेल. ती सवलत तेव्हापासून तिला कायमची मिळाली. मंडळात मी याची वाच्यता केली नाही. उडी हाताशी असल्यामुळे ती राजाची कधीच चिंता करत नसे. शह येईपर्यंत भाजीचा विचार करी.

हे सर्व एका क्षणात आठवले, पण तोंडातून निघाले ते एवढेच: "ही चाल नियमबाह्य आहे."

हेमांगी गोंधळली. "का? उडी एकदाच असते ना? ही पहिलीच आहे."

"शह लागल्यानंतर उडी नाही. कोणत्याही खऱ्या खेळाडूने ही चूक केली नसती. मी आरंभीच म्हणालो होतो: जो खेळत नाही, त्याने लिहू नये."

"पण आई नेहमी..."

"तिला सवलत होती."

"कोणी दिलेली?"

"मी."

ती पटाकडे बघत राहिली. "मला वाटलं नियमच तसा आहे," ती म्हणाली. "शह लागल्यावरच उडी मारायची. मला तेवढंच तर आठवत होतं खेळातलं."

मी म्हणालो की चूक दुरुस्त कर. ती म्हणाली की दुरुस्ती एका ओळीची आहे, पण यंत्र जे काही शिकले, ते या उडीच्या भरवशावर शिकले. नियम बदलला तर शिकलेले पुसून पहिल्यापासून आरंभ करावा लागेल. "मग हा राहणार नाही, नाना. दुसराच कोणीतरी येईल. तो तुमच्या मंडळातल्यांसारखा घाबरून कोपऱ्यात जाईल."

"चूक ती चूक," मी म्हणालो.

"बरं. करते दुरुस्त." तिने संगणक मिटला.

२ जानेवारी, गुरुवार

घरात बोलणे कमी आहे. मेजावरून पंख्याचा सूर पुन्हा येतो आहे. नवे यंत्र शिकते आहे. सूर तोच आहे, पण मला निराळा ऐकू येतो.

कापडी पट उचललेला नाही. रविवारचा डाव तसाच आहे. राजा उडी मारून जेथे उतरला, तेथेच. त्याला तेथून परत ठेवावयास हवे होते. जाता-येता ध्यानात येते आणि राहून जाते.

एक प्रश्न मनात येतो. बरोबर नियमाने खेळणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. त्यांतील कोणाशी खेळावे म्हणून मी दिवेलागणीची वाट पाहिल्याचे स्मरत नाही.

५ जानेवारी, रविवार

सकाळी झुलालचा सुरतेहून दूरध्वनी आला. तापीकाठी फिरायला जातो, म्हणाला. जळगावकडून वाहत आलेले पाणी पाहून बरे वाटते. मग यंत्राचे काम कोठवर आले, ते विचारले, "पोरगीनं यंत्र कथा पावत उनं?"

मी सविस्तर सांगितले. चूक सांगितली, आणि ती चूक कोठून आली हे सांगताना सुलक्षणेच्या सवलतीचाही उल्लेख करावा लागला. दुरुस्त यंत्र लवकरच पाठवतो, असे आश्वासन दिले. दुसऱ्या बाजूस खोकल्यासारखे हसणे.

"मास्तर, वहिनीसंगे मी बी खेळेल शे. तू चहानी पत्ती लेवाले बाहेर गयथा. शह दिधा, तिनी उडी मारी. मी गप बसनू. हारनू."

"तू हरकत घेतली नाहीस?"

"वहिनी शे ना भो. तुले काय सांगू?"

मंडळातील आणखी दोघे-तिघे गप्प बसले होते, असेही त्याने सांगितले. जी गोष्ट मी इतकी वर्षे एकट्याने सांभाळली असे समजत होतो, ती धुळ्याच्या ओट्यावर सर्वांना ठाऊक होती.

"शुद्ध यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल," मी म्हणालो.

"शुद्ध तुलेच ऱ्हाऊ दे. माले वहिनीवालं धाड."

दूरध्वनी ठेवून बराच वेळ ओट्यावर बसलो. ऊन कोवळे होते. हवेत कापूस तरंगत होता, खाली यावे की नाही याचा निश्चय न झालेला. मग आत गेलो. हेमांगी भाजी निवडत होती.

"जुने यंत्र पुसलेस?"

"का?"

"विचारतो."

"नाही पुसलं," ती म्हणाली. "प्रत त्याच दिवशी काढून ठेवली होती. नवं दुसरीकडे शिकतंय."

"मला न विचारता?"

"तुम्ही 'पुसू नकोस' म्हणाल म्हणून थांबले होते. किती दिवस लागतात ते बघत होते."

मी म्हणालो, शुद्ध यंत्र पूर्ण कर. खेळ पुढे जाईल तो बरोबर नियमांनीच गेला पाहिजे. ते ज्यांना हवे, त्यांना दे. घरात जुनेच राहील. झुलालकडेही तेच जाईल. घराचे नियम घरातील माणसे ठरवतात.

"आणि न खेळणाऱ्याने लिहू नये, त्याचं काय?" मेथीच्या काड्या बाजूला करत तिने विचारले.

मी पुष्कळ विचार केला. निवाडा सुटसुटीत वाक्यात द्यावा, अशी इच्छा होती, वाक्य बनेना. उत्तम खेळाडूने लिहिले असते, तर ही चूक झाली नसती, हे निर्विवाद. उत्तम खेळाडूने लिहिले असते, तर हे यंत्रही झाले नसते, हेही तितकेच निर्विवाद. दोहोंमध्ये कोणते उभयान्वयी अव्यय घालावे, ते सुचेना.

"भाजीत लसूण जास्त घाल," मी म्हणालो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हेमांगीने तिळगूळ दिला आणि पायाशी वाकली. शेजारच्या दीपमालाबाई वाण घेऊन आल्या होत्या, पट मांडलेला पाहून म्हणाल्या, "नाना, पोरीला शिकवताय का?" हेमांगीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आम्ही खेळतो आहोत." त्या गेल्यावर ती मोहरे लावताना गुणगुणत होती. प्रत्येक मोहऱ्याशी काहीतरी पुटपुटण्याची तिची सवय गेलेली नाही. त्याने खेळात व्यत्यय येत नाही, असे आढळले.

दिवेलागण झाली. छतांवरून पतंग उतरवले जात होते. एक तुटलेला, मालक नसलेला, आमच्या तारेवर अडकून हळूहळू मान हलवत होता. खोलीत मेजावरचा सूर. हेमांगीच्या हाताला गुळपोळीचे पीठ लागले होते आणि काळ्या वजिरावर त्याचा फिकट ठसा उमटला.

डाव मला अनुकूल होता. घोडा पुढे घेऊन दोन प्यादी जिंकता आली असती. झुलालने तेच केले असते. मंडळातील कोणीही तेच केले असते. समोरचा राजा अजून आपल्या घरीच होता, निश्चिंत, भाजीचा विचार करत असल्यासारखा.

मी उंट उचलला आणि शह दिला. त्या शहाने काहीच साधणार नव्हते, उलट उंट जाणार होता. माझ्या आयुष्यातील ती सर्वांत दुबळी चाल असावी.

हेमांगीने पडद्याकडे न पाहता राजावर मूठ झाकली.

"थांबा हं," ती म्हणाली, आणि मी थांबलो.